पेन्सिलीचे आकडे

मंगळवारी सकाळी सुवाच्यबाई जिना उतरून माझ्या टेबलाशी आली आणि काही न बोलता उभी राहिली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, काहीतरी बिनसलंय. एरवी ही बाई वरूनच हाक मारते आणि खाली पोचेपर्यंत तिचं अर्धं बोलून झालेलं असतं. तिच्या हातात एक कागद होता. मी पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि कागद घेतला.

पत्र मुख्य संस्थेतल्या तपासनीस बाईंचं होतं. भाषा गोड, मजकूर कडू. आमच्या केंद्राच्या एकतीस वर्षांच्या भरतीच्या नोंदींपैकी चार वर्षांचे आकडे 'नको इतके गुळगुळीत' आहेत. समुद्राचं पाणी इतकं शहाण्यासारखं वागत नाही. कोणीतरी धक्क्यावर न जाता टेबलाशी बसून, भरतीच्या वेळापत्रकावरून आकडे भरले असावेत असा संशय येतो. यातले कुठले आकडे डोळ्यांनी पाहिलेले आणि कुठले अंदाजाचे, ते शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं. न कळवल्यास ती चारच नव्हे, तर एकतीसही वर्षं सामायिक साठ्यातून बाद करावी लागतील. कारण जो निरीक्षक चार वर्षं तसं लिहितो, त्याच्या बाकीच्या सत्तावीस वर्षांवर तरी कसा विश्वास ठेवायचा?

तो निरीक्षक म्हणजे सुवाच्यबाईचे वडील.

ती कोण आणि मी कोण, हे सांगायला हवं. आमचं केंद्र समुद्राचं पाणी मोजतं: किती चढलं, किती उतरलं, किती तापलं, किती खारट झालं. दुमजली इमारत आहे. खाली पाण्याच्या बाटल्या, माझं टेबल आणि मी. वर नोंदींची खोली आणि ती. मी यंत्रं दुरुस्त करतो, मला सगळे मिस्त्री म्हणतात. तिला सगळे सुवाच्यबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे. शाळेच्या उत्तरपत्रिकेवर 'सुवाच्य अक्षरात लिहा' असं छापलेलं असतं, ते एकट्या हिनेच मनावर घेतलं असावं. रजेचा अर्ज असो की 'पंखा बंद करावा' अशी सूचना असो, अक्षर असं की पंखा बंद करायचं सोडून माणूस बघत उभा राहतो. माझं अक्षर मलाच लागत नाही. त्यामुळे आमचं पंचवीस वर्षं उत्तम जमलं. समोर मी तिला अहो-जाहो करतो. लिहिताना तेवढं अंतर ठेवणं जमत नाही.

आता सामायिक साठा. किनाऱ्यावर आमच्यासारखी सहा केंद्रं आहेत. कोणी पाणी मोजतं, कोणी गाळ, कोणी मासळी, कोणी खेकडे. प्रत्येकाच्या वह्या वेगळ्या आणि प्रत्येकाला वाटायचं, आपलीच पद्धत बरोबर. तीन वर्षांपूर्वी ठरलं की सगळ्यांनी आपापल्या नोंदी एकाच डेटाबेसात ओतायच्या, म्हणजे किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्याला दारोदार फिरायला नको. ऐकायला सोपं. ओतायला घेतलं तेव्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आले. एका केंद्रात मोजणी झाली नसेल त्या दिवशी रकान्यात नव्याण्णव लिहायची पद्धत होती. शेजारच्या केंद्रात नव्याण्णव म्हणजे खरोखरचे नव्याण्णव. पहिल्याच महिन्यात साठ्यात इतके खेकडे झाले की मुख्य संस्थेतून अभिनंदनाचा फोन आला.

हा घोळ निस्तरला सुवाच्यबाईने. सहाही केंद्रांच्या वह्या तिने पानन् पान चाळल्या. कोणाचं शून्य खरं, कोणाचं शून्य म्हणजे नुसताच आळस, कोणाचं घड्याळ तासभर पुढे, सगळं हुडकून काढलं. प्रत्येक आकड्याशेजारी एक खूण द्यायची पद्धतही तिनेच बसवली. एक म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला. दोन म्हणजे अंदाजाचा. तीन म्हणजे संशयाचा. चार म्हणजे बाद. केंद्राकेंद्रातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना तिने या खुणांवरून फैलावर घेतलं होतं आणि ते निमूट ऐकत होते. पुढच्या महिन्यात तिला या साठ्याची मुख्य नोंदपाल करणार होते.

साठ्याची पहिली आवृत्ती शुक्रवारी पाचला बंद होणार होती. ती सगळ्यात आधी वापरणार होते बांधवाले. खालच्या वस्तीसमोर समुद्राला बांध घालायचाय, तो किती उंच घालायचा हे आमच्या भरतीच्या आकड्यांवरून ठरणार. आमचे आकडे बाद झाले तर साठ किलोमीटरवरच्या केंद्राचे घेणार, आणि तिथलं पाणी आमच्यापेक्षा हातभर कमी चढतं. माझं घर खालच्या वस्तीत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी उगाच साधुसंताचा आव आणतोय असं वाटायला नको.

पत्र वाचून मला खरं तर हायसं वाटलं. मी म्हटलं, "त्यात काय एवढं, बाई? वह्या काढा. पेन्सिल कुठे आणि शाई कुठे ते बघा. संपलं."

कारण नानांचा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता. नाना म्हणजे तिचे वडील. एकतीस वर्षं रोज भरतीच्या वेळी धक्क्याच्या टोकाला जाऊन, खांबावर ठोकलेल्या मापपट्टीवर पाणी कुठवर आलं ते वाचायचे आणि वहीत लिहायचे. स्वतः पाहिलेला आकडा शाईने. ज्या दिवशी जाणं झालं नाही, त्या दिवशी वेळापत्रक आणि आदल्या दिवसाचा फरक यांवरून अंदाज काढायचा, आणि तो पेन्सिलीने. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. त्यांनीच स्वतःला घालून घेतला होता. बाकीच्या सत्तावीस वह्यांतल्या पेन्सिलीच्या आकड्यांना तिने वेळच्या वेळी दोनची खूण दिली होती. मग ही चारच वर्षं कशी राहिली, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. तिने मान डोलावली आणि ती वर गेली. दिवसभर खाली आली नाही.

बुधवारी दुपारी मीच वर गेलो. तिच्यासमोर त्या चार वह्या उघड्या होत्या. मी एक ओढली आणि पानं उलटली. मग दुसरी. चार वर्षं, रोजचा एक आकडा, आणि पेन्सिलीचा एकही नाही. सगळं शाईत. ही चार वर्षं कुठली ते मला ठाऊक होतं. तिची आई अंथरुणाला खिळून होती ती चार वर्षं. बायको उठून पाणी पिऊ शकत नव्हती आणि हा माणूस चार वर्षांत एक दिवसही धक्क्याला चुकला नाही, हे कसं शक्य आहे?

"म्हणजे नानांनी..." मी म्हटलं.

"नानांनी नाही," ती म्हणाली. "मी."

मग तिने सांगितलं. नोकरीला लागली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पहिलं काम मिळालं ते नानांच्या वह्या संगणकात भरायचं. या चार वह्या कपाटाच्या तळाच्या फळीवर होत्या. दमट हवेने आणि पानावर पान घासून पेन्सिलीचे आकडे पुसट झाले होते. वडिलांनी एवढ्या कष्टाने लिहिलेलं पुसून जाणार, या कल्पनेने तिचा जीव कळवळला. तिने निळी शाई घेतली आणि एकेक आकडा गिरवला. नानांच्या साताला मधे आडवी रेघ असते, तीही तशीच ओढली. कुठलाही आकडा बदलला नाही, फक्त गिरवला.

"तेव्हा संगणकात खुणेचा रकानाच नव्हता हो. मला वाटलं, आकडा वाचला म्हणजे झालं."

"आणि दोन महिन्यांपूर्वी खुणा भरताना? तेव्हा आठवलं नाही?"

"नाही."

तिने वहीचा कोपरा बोटाने सपाट केला.

"आठवलं," ती म्हणाली. "चारही वर्षांना सरसकट एक दिला. म्हटलं, एवढ्या आकड्यांत कोणाच्या लक्षात येणार?"

मी चिडलो. आता कबूल करतो, जरा जास्तच चिडलो. सहा केंद्रांतल्या माणसांना हिने एकेका शून्यासाठी पाणी पाजलं होतं. एका बिचाऱ्या गाळ मोजणाऱ्या शास्त्रज्ञाने दोनऐवजी एकची खूण दिली, तर हिने त्याच्याकडून चारशे ओळी पुन्हा भरून घेतल्या होत्या. मी ते सगळं तिच्या तोंडावर बोललो. वर हेही बोललो की उद्या समुद्र माझ्या घरात शिरला तर तुमचं सुंदर अक्षर घेऊन या, दारावर 'आत येऊ नये' असं लिहून द्या. मला वाटलं होतं रडेल, पण नाही रडली. म्हणाली, "झालं तुमचं? आता सांगा, काय करू?"

मूळ वहीत हात घालणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. चुकीचं लिहिलं तर माफी आहे, मूळ नोंदीला हात लावला तर नाही. खरं सांगितलं तर नोंदपालपद जाणार, कदाचित नोकरीही. नाही सांगितलं तर नाना खोटारडे ठरणार. तिने माझ्यासमोरच तपासनीस बाईंना स्पीकरवर फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"ताई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," तपासनीस बाई म्हणाल्या. आवाज तरुण होता आणि अवघडलेला. "पण नुसतं गिरवले म्हणून भागणार नाही. कुठले गिरवले ते एकेक दाखवावं लागेल. नाहीतर समितीला वाटेल, आता पकडली गेली म्हणून मुलगी सारवासारव करतेय. मी तुमच्या वडिलांना खोटं म्हणत नाहीये. आकडे तसं म्हणताहेत."

चौदाशे एकसष्ट आकडे. सव्वीस वर्षांपूर्वी कुठले गिरवले ते कोणाला आठवणार? ती खिडकीबाहेर बघत बसली. मी उठून जायला निघालो होतो, पण वहीवर तिरपं ऊन पडलं होतं आणि माझी नजर सवयीने तिथे गेली. यंत्राच्या दांड्यावर बारीक ओरखडा शोधायचा असेल तर आम्ही दिवा समोरून धरत नाही, आडवा धरतो, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून. मी माझी छोटी विजेरी आणली, पानाच्या कडेला आडवी धरली आणि भिंगातून बघितलं. नाना पेन्सिल दाबून लिहायचे. काही आकड्यांच्या निळ्या रेघेला कडेकडेने एक करडी चमक होती आणि खाली खोलगट चर. शेजारचा आकडा नुसताच निळा.

"हा दोन," मी म्हटलं. "आणि हा एक."

तिने भिंग माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं.

गुरुवारी सकाळी आठला बसलो. खिडक्यांना जुने नकाशे लावून अंधार केला. मी विजेरी धरायची, तिने भिंगातून बघायचं आणि 'एक' किंवा 'दोन' म्हणायचं, मग मी बघायचं. दोघांचं जुळलं तरच लिहायचं. नाही जुळलं तर तीन. तासाभरात माझी मान धरली, दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साहेब एकदा डोकावून गेले आणि अंधारात आम्हाला बघून 'चालू द्या' म्हणाले. कसलं चालू द्या ते त्यांनाही माहीत नसावं. एका ठिकाणी तिने सलग एकोणीस दिवस 'दोन, दोन, दोन' म्हटलं आणि मग थांबली.

"आईला तेव्हा दवाखान्यात ठेवलं होतं," ती म्हणाली. "मी आत्याकडे होते."

मी विजेरी पुढच्या पानावर नेली. ही वही नुसती समुद्राची नव्हती हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. कुठला दिवस आईला बरा गेला आणि कुठला वाईट, ते सगळं त्या चमकेत दिसत होतं. पण बोलत बसायला वेळ नव्हता.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला तिसऱ्या वहीतलं ते पान आलं. वादळाचं.

सदतीस वर्षांपूर्वी इथे एक वादळ झालं, त्या दिवशीचा भरतीचा आकडा आमच्या किनाऱ्यावरचा आजवरचा सगळ्यात मोठा: चार मीटर बारा सेंटिमीटर. नाना निवृत्त झाले त्या समारंभात तेव्हाच्या साहेबांनी नेमकी हीच वही उघडून सगळ्यांना दाखवली होती. "बघा, वादळातही शाईचा आकडा! म्हणजे हा माणूस त्या दिवशीही धक्क्यावर उभा होता!" टाळ्यांचा कडकडाट झाला, मानपत्र दिलं. मी तेव्हा नुकताच लागलो होतो, मीही हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. पुढे केंद्र बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती गोष्ट सांगितली. कमरेला दोर बांधून नाना उभे होते, ही भर माझी. दोर कोणी सांगितला नव्हता, पण गोष्टीला शोभत होता.

तिने भिंगातून बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिली.

"एक," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. चाराच्या पोटात करडी चमक होती. बाराच्या दोन्ही आकड्यांखाली चर.

"दोन आहे, बाई."

"एक लिहा."

"दोघांचं जुळलं तरच लिहायचं, तुमचाच नियम आहे."

"एका आकड्याने काय होतंय, मिस्त्री? तीनशे बारा दिले ना दोन! हा एक राहू द्या. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत ते. त्यांच्याकडे हा एकच दिवस आहे."

"सगळ्यात मोठा आकडा आहे तो. बांध त्याच्यावर उभा राहणार. पाहिलेला असेल तर तेवढाच उंच बांधतात. अंदाजाचा असेल तर वर अर्धा मीटर जास्त धरतात."

"तरीच!" ती उसळली. "तुमचं घर खाली आहे म्हणून!"

"हो, आहे," मी म्हटलं. "माझं आणि आणखी दोनशे जणांचं."

तिने ते पान मिटलं आणि त्यावर पालथा हात ठेवला. "पुढचं घ्या," म्हणाली. तीन वाजेपर्यंत आम्ही एकमेकांशी एक आणि दोन यांखेरीज अवाक्षर बोललो नाही. चौथी वही संपली. ती एक ओळ सोडून सगळं भरलं. समितीला लिहायचं पत्रही तिने लिहिलं होतं: मूळ वहीतले आकडे शाईने गिरवले, गिरवणारी मी, निरीक्षकांना याची कल्पना नव्हती. ते वाचून माझा राग उतरला. पण ती एक ओळ रिकामी होती, आणि रिकाम्या ओळीची फाइल साठा घेत नाही, हाही तिनेच केलेला नियम.

साडेतीनला तिने लॅपटॉप आणि ती वही पिशवीत घातली. "नानांना विचारते," म्हणाली. "तुम्हीही चला. नाहीतर मी येताना 'एक' घेऊन येईन."

घर बारा मिनिटांवर आहे. ती इतकी भरभर चालत होती की माझी दमछाक झाली. नाना खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर रेडिओ.

"काय गं, एवढ्या उन्हाची? हाकलून दिलं का?"

"अजून नाही," ती म्हणाली. त्यांच्यापुढे स्टुलावर बसून तिने वही उघडली. "नाना, वादळाच्या दिवशी तुम्ही धक्क्यावर होतात ना?"

नानांनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रेडिओ बंद केला.

"मिस्त्री कशाला आलेत?"

"साक्षीला," मी म्हटलं.

"नव्हतो," नाना म्हणाले.

नानाच पुढे बोलू लागले, अगदी नेहमीच्या आवाजात, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "तुला आत्याकडे उंचावर धाडलं होतं. इथे घरात गुडघाभर पाणी. तुझ्या आईला पाठीवर घेऊन माळ्यावर चढवलं आणि धरून बसलो. ती सारखी म्हणत होती, जा, तुमची भरतीची वेळ झाली. मी म्हटलं, होऊ दे. दुसऱ्या दिवशी गेलो. गोदामाच्या भिंतीवर ओलीची रेघ होती, तिथून मोजून पट्टीशी जुळवलं. त्यात पाणी किती आणि लाट किती, देव जाणे. म्हणून पेन्सिलीने लिहिलं. मी कुठे खोटं लिहिलं?"

"नाही हो, नाना. तुम्ही नाही लिहिलंत." "मग समारंभात का नाही बोललात? सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा का गप्प बसलात?"

"काय बोलणार? साहेबांनी वही उंच धरली आणि मला लांबूनच शाई दिसली. माझ्या पेन्सिलीवर शाई. असं वळणदार गिरवणारं माणूस आपल्या घरात एकच आहे. मी म्हटलं असतं, अहो ही पेन्सिल होती, तर साहेबांनी लगेच विचारलं असतं, मग शाई कोणाची? दोन वर्षं झाली होती तुला लागून. आणि तू समोर पहिल्या रांगेत बसली होतीस."

ती रडली. तीन दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. त्या माणसाने न केलेल्या पराक्रमाचं मानपत्र चोवीस वर्षं घरात वागवलं, जो येईल त्याच्याकडून स्वतःची खोटी गोष्ट ऐकून घेतली, आणि ती ऐकवणाऱ्यांत सगळ्यात मोठ्या आवाजाचा मी. दोराची आठवण होऊन मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाना, चुकलं माझं," मी म्हटलं. त्यांनी नुसता हात हलवला.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"सव्वाचार."

"मग रडायला पाचनंतर वेळ आहे. काय आलंय पत्र, वाच."

तिने मुख्य संस्थेचं पत्र वाचलं, मग स्वतःचं. नानांनी एका कानाला हात लावून ऐकलं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, नंतर सांगायला मन होणार नाही. एकतीसही वर्षं साठ्यात राहिली. बांध अर्धा मीटर वाढला. सुवाच्यबाईला नोंदपाल केलं नाही. वह्यांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडून काढून घेतली, ती दुसऱ्या केंद्रातल्या त्या गाळवाल्या शास्त्रज्ञाकडे दिली. आता नानांची वही बघायची असेल तर तिला अर्ज करावा लागतो. ती अजून वरच्या खोलीत बसते आणि इतरांनी मोजलेलं भरते. तिला वाईट वाटतं, आणि मला तिच्याहून जास्त वाटतं. पण त्या दुपारी यातलं काहीच आमच्या डोक्यात नव्हतं. लॅपटॉप नानांच्या पलंगावर होता आणि घड्याळ पुढे सरकत होतं.

"खूण दोन," नाना म्हणाले. "दिलीस?"

"दिली."

"आता काय राहिलं?"

"शेरा. अंदाज का केला ते लिहायचं. दोनशे अक्षरं मावतात." ती टाइप करत मोठ्याने म्हणू लागली. "'माझे वडील त्या दिवशी...'"

"काढ ते. डेटाबेसात वडील कुठून आले? निरीक्षक लिही."

तिने खोडलं. "'निरीक्षक धक्क्यावर हजर नव्हते. आकडा दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या ओलीच्या रेघेवरून. मूळ नोंद पेन्सिलीने, नंतर शाईने गिरवली गेली.'"

"गिरवली गेली म्हणजे? आपोआप?"

"'नंतर मी शाईने गिरवली,'" ती म्हणाली आणि तसं केलं.

"हां. आता, हजर नव्हते तर होते कुठे?"

"तेही लिहू?"

"लिही. पुढे कोणी विचारलं तर सांगायला मी नसेन."

तिने लिहिलं. "'निरीक्षक घरी होते.'"

भिंतीवरच्या घड्याळात पाचला चौदा मिनिटं कमी होती. ती बटणाकडे बोट नेणार तेवढ्यात नानांनी विचारलं, "अजून मावतं का?"

"थोडं. एखादं वाक्य."

"मग लिही," नाना म्हणाले, "घरीच असायला हवे होते."

तिने लिहिलं, एकदा वाचून दाखवलं आणि बटण दाबलं.